सव्वादोनचा हात

गजरामावशीने मला माझं नाव कधीच विचारलं नाही. माझंच काय, कुणाचंच विचारलं नाही. ओळख करून द्यायला कुणी पुढे आलं की ती आधी त्याचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबायची, बोटांची हाडं जवळ आणून बघायची आणि निकाल द्यायची, "अडीच." किंवा, "सव्वादोन, पर हाड चिवट हाय." तिच्या लेखी माणसाची ओळख तेवढ्यात पुरी व्हायची. भोरच्या बँकेतल्या साहेबांचाही हात तिने एकदा असाच दाबून पाहिला आणि "साहेब, तुमाला पावणेतीनची लागंल," असं सगळ्या रांगेसमोर सांगून टाकलं. मला ती शेवटपर्यंत 'सव्वादोन' म्हणत आली.

ती कासारीण, आणि ते आकडे बांगडीच्या मापाचे. राहायला आंबवड्याला, माहेर वेल्ह्याकडचं. बांगड्यांची टोपली घेऊन तिने एसटीने निम्मा भोर तालुका पालथा घातला होता. आमच्या किकवीत उतरली की सगळ्यांत आधी ती आमच्या बौद्धवाडीत यायची, विहारासमोरच्या ओट्यावर टोपली टेकवायची आणि हाक द्यायची, "या गं बायांनो, हात घेऊन या!" माझी आजी सांगायची, तिच्या तरुणपणी गावातलं कुणी आमच्या हाताला हात लावत नसे. ही कासारांची नवी सून मात्र आजीचा हात मांडीवर घेऊन बसली आणि बांगड्या भरून झाल्या तरी तिने उठायची घाई केली नाही. ही गोष्ट आजीने मला इतक्यांदा सांगितली की कळू लागल्यापासून मावशी मला आपलीच वाटायची.

तरी पहिल्यांदा तिच्यापुढे हात धरायची पाळी आली तेव्हा मी बोंबलत पळाले होते. मी जात्याच भित्री. त्यातून त्याच वर्षी माझ्या काकांची चार बोटं कडबाकुट्टीत गेली होती आणि मी तेव्हा गोठ्याच्या दारातच उभी होते. त्यानंतर कुणी माझा हात आवळून धरला की मला त्या यंत्राची घरघर ऐकू यायची. मावशी माझ्या मागे आली नाही. ओट्यावरूनच म्हणाली, "भ्या वाटतंय व्हय? वाटू दे. भ्यालेला हात मला बरा. कुठं दुखतंय ते आधी सांगतो." मग आजीचा पदर धरून मी परत आले. तिने माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत पाहत तिने सहा बांगड्या भरल्या आणि मला कळलंसुद्धा नाही. "बांगडी हातात न्हाई अडकत," असं ती म्हणायची, "भुवयीत अडकती. भुवयी हालली का थांबायचं."

आणखी एक गोष्ट होती तिची. बांगडी फुटली, असं ती जन्मात कधी म्हणाली नाही. बांगडी 'वाढायची'. आपल्याकडे तसं सगळेच म्हणतात म्हणा. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, दिवा वाढवतात. मोडणं, मिटणं, विझणं तोंडावर यायला नको म्हणून आपण त्या सगळ्याला वाढवणं म्हणून मोकळे होतो. पण मावशीकडे त्यात ढिलाई नव्हती. एखादी पोरगी चुकून "फुटली" म्हणाली की ती बांगडी भरायची थांबायची. "आधी चूळ भरून ये जा," म्हणायची, आणि खरोखरच पाठवायची. मीही एकदा चूळ भरून आलेली आहे.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि हातांच्याच कामाला लागले. ज्यांच्या हातात ताकद उरलेली नाही अशांना चमचा धरता यावा, दाराची कडी काढता यावी, म्हणून हातावर चढवायची छोटी यंत्रं मी बनवते. यंत्राला घाबरणाऱ्या मुलीने हाच धंदा का धरला, याचं उत्तर काकांच्या हातात आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढून मी कापूरहोळला परत आले. तिथे फाट्यावर माझ्या दादाचं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत तो नवी तार भरतो, आणि मागच्या खोलीत मी माझे हात जुळवते.

तिथेच मावशी आली. बऱ्याच वर्षांनी पाहत होते मी तिला. सोबत तिची नात होती, वैशू. देवळाच्या पायऱ्यांवरून घसरून पडल्यावर मावशीच्या मानेतली नस दबली होती. ऑपरेशन झालं, चालता यायला लागलं, पण हात गेले ते गेलेच. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं हलायचं. उजवा हात मनगटापासून पुढे नुसता लोंबायचा, आणि त्याला धड स्पर्शही कळत नव्हता. तिने दुकानाची पाटी वैशूकडून वाचून घेतली होती. आत येऊन तो हात माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, "हितं मोटारी भरत्यात न्हवं? मग येवढा हात भरून दे."

मी हसले, पण ती हसली नाही. तिने डाव्या अंगठ्याने माझा हात चाचपला. "तू किकवीची सव्वादोन," ती म्हणाली. मग वैशूला चहा सांगायला बाहेर पाठवून तिने खरी गोष्ट काढली. वैशूचं लग्न ठरत आलं होतं. सून कामावर जाणारी, मुलगा टेम्पोवर, पोरगी लहानपणापासून आजीच्या हाताखाली वाढलेली. "तिचा चुडा म्या भरणार. तालुक्यातल्या पोरींचे चुडे भरले म्या, आन् माज्या घरच्या पोरीला दुसरी कासारीण? न्हाई. तू मला हात दे, मंग मी मरायला मोकळी." मी हो म्हणायला नको होतं. चमचा धरणं वेगळं आणि दुसऱ्या माणसाचा जिवंत हात धरणं वेगळं. चमच्याला हाडं नसतात. पण तिच्यापुढे नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

चार-पाच महिने त्यात गेले. बोटांच्या पाठीवर बसणारी प्लॅस्टिकची कवचं, टोकाला टोपणं, आतून दोऱ्या, आणि कोपराजवळ पट्ट्याने बांधलेल्या डबीत त्या दोऱ्या ओढणाऱ्या मोटारी. चहाचा कप मध्येच निसटू नये म्हणून मी दातेरी चाकं अशी बसवली की वीज गेली तरी पकड तशीच राहावी. मावशीने ते पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "हा तर खेकडा हाय." आंबवड्यात त्याचं तेच नाव पडलं. बटण दाबायला तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून खेकडा बोललेलं ऐकायचा. त्याला चारच शब्द शिकवले होते, तेही फक्त तिच्याच आवाजात. धर. सोड. पकड घट्ट करायची तर वाढव. आणि मध्येच थांबवायचं तर बास. बिचाऱ्याला चारच शब्द येत असल्यामुळे कानावर पडलेल्या कुठल्याही शब्दात तो त्या चारांतलंच काहीतरी शोधायचा. हे मला माहीत होतं. त्यात काय दडलंय ते मात्र दिसलं नाही.

तिला कप धरता आला तेव्हा घरात सगळे रडले. मी रडले नाही, मी त्या मोटारीचा आवाज ऐकत होते. त्या घुर्र आवाजात मला कडबाकुट्टीच ऐकू यायची. चूक शोधायची म्हणून मी घरी उशीत, भोपळ्यात, पिकलेल्या केळ्यात तो खेकडा दाबून पाहायची. केळ्याचा लगदा झाला की जेवण जायचं नाही. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "केळ्याला भुवया न्हाईत. माणसाच्या हातावर बघ." दुसऱ्या कुणाचा हात पुढे करायला माझं मन धजेना, म्हणून मी माझाच केला.

दुपारची वेळ. आंबवड्याची पडवी. घरातले सगळे कामाला गेलेले. मावशीने माझा उजवा हात मांडीवर घेतला. "धर," म्हणाली, खेकड्याने धरला. "वाढव," म्हणाली, खेकड्याने आवळला, माझी हाडं एकमेकांजवळ आली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिने हिरवी बांगडी सरकवली. पहिली गेली. दुसरी गेली. मावशीचा चेहरा असा उजळला होता की मी क्षणभर घाबरायचं विसरले. तिसरी अंगठ्याच्या हाडावर अडली. ती थांबली, पण खेकड्याचं एक टोपण काचेवर आलं होतं. कट् असा बारीक आवाज झाला.

"वाढली गं," मावशी सवयीने म्हणाली.

आणि खेकडा आवळला.

मला आधी कळलंच नाही. काचेचा तुकडा अंगठ्याच्या मुळाशी आत शिरला तेव्हा मी ओरडले. रक्त पाहून मावशी दचकली. "बया, वाढली की गं!" खेकडा आणखी आवळला. "सोड म्हणा मावशी, सोड!" मी ओरडत होते, पण माझा आवाज त्याला शिकवलेला नव्हता. मावशीचे ओठ हलत होते. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि तोंडातून येत होता तो एकच शब्द. "वाढली... वाढली..." दर वेळी घुर्र. दर वेळी आणखी एक पायरी. माझ्या बोटाच्या सांध्यातून आवाज आला आणि मला गोठ्याचं दार दिसलं, काका दिसले. माझा हात जाणार याची मला खात्री पटली. आयुष्यात इतकी मी कधी भ्यालेली नाही.

मावशीच्या हातांचा काही उपयोग नव्हता. तिने मान खाली घातली, कोपराजवळची वायर दातांत धरली आणि हिसका दिला. घरघर थांबली. पण पकड सुटली नाही, कारण वीज गेली तरी पकड राहावी ही माझीच हुशारी होती. डाव्या हाताने पिशवी ओढून, स्क्रूड्रायव्हर शोधून, एकेक दोरी ढिली करेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ मावशी माझ्या भुवयांकडे पाहत होती. तोंडात वायर तशीच होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

बोटाचं हाड चिरलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी टाके पडले. दादाने खेकडा कपाटात टाकून कुलूप लावलं. मला ते बरंच वाटलं. मी ठरवलं, पुरे झालं हे. सगळ्यांत जास्त लाज मला त्या शब्दाची वाटत होती. ज्या शब्दासाठी मी लहानपणी चूळ भरून आले, तोच मी तिच्या हातावर बांधला होता. शब्द निवडताना मी टेबलापाशी बसले होते, आणि टेबलापाशी 'वाढव'चा एकच अर्थ होता.

मी आंबवड्याला गेले नाही. फोन वाजला की उचलत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात मावशीच कापूरहोळच्या फाट्यावर एसटीतून उतरली, एकटी, पिशवी कोपरात अडकवून. कंडक्टरने तिला हात धरून खाली उतरवलेलं मी दुकानातून पाहिलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. ती तिथेही आली.

"तू आली न्हाईस, म्हणून म्या आले."

तिने माझा पट्टी बांधलेला हात डाव्या अंगठ्याने हळूच चाचपला. सूज होती. मला वाटलं आता नवं माप सांगेल. पण ती म्हणाली, "सव्वादोनच हाय अजून. उगं घाबरू नगं."

"मावशी, मला नाही जमायचं," मी म्हणाले. "वैशूच्या हाताला असं काही झालं तर मी काय करू?"

"तू येकटी भ्यालीस व्हय? म्या घरात त्या वायरीकडं बघत न्हाई." मग म्हणाली, "सोड म्हणायचं मला ठावं हुतं. तूच शिकवलंवतंस. पर भ्या आल्यावर माणूस शिकल्यालं इसरतंय गं. जे आदीपासनं तोंडात हाय तेवढंच ऱ्हातंय. माज्या तोंडात तर तेच हाय, साठ वर्सं झाली."

"मग तो शब्द बदलू. 'वाढव' काढून टाकते. 'आवळ' ठेवू."

"काढू नगं," ती म्हणाली. "त्यालाच सांग, वाढली म्हणलं का सोडायचं."

प्रयोगशाळेत आम्ही थांबवायच्या शब्दावर किती चर्चा केल्या होत्या. शब्द छोटा हवा, ठसठशीत हवा, दुसऱ्या शब्दांत मिसळणारा नको. भ्यालेल्या माणसाच्या तोंडातून आपोआप काय निघतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. सातवीपर्यंतही न शिकलेली ही बाई एसटीने येऊन तेवढंच सांगत होती.

मी कपाट उघडलं. पकड घट्ट करायला 'आवळ' ठेवला. आता 'वाढ' एवढा आवाज कानावर पडला तरी खेकडा क्षणात बोटं उघडायचा, आणि तो आवाज तिचाच नाही तर कुणाचाही चालायचा. डबीच्या खाली एक खटकाही बसवला. तो दाबला की दोऱ्या एकदम सुटायच्या. एक गंमत मात्र झाली. मावशी चमच्याने जेवत असली आणि सुनेला म्हणाली, "आमटी वाढ," की खेकडा चमचा टाकून द्यायचा. आंबवड्याच्या घरात जेवायच्या वेळी सगळे खुणांनी बोलायला लागले. वैशू तर पातेलं दाखवून भुवया उडवायची आणि मावशी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायची. मी हसायचे, पण पुढचा दिवस डोळ्यांसमोर असायचा.

तो दिवस आला. चुडा भरायला वैशू पाटावर बसली होती. पडवी बायकांनी भरली होती. चुड्यातली बांगडी वाढणं चांगलं समजत नाहीत, त्यामुळे माझी भीती दुप्पट झाली होती. मी मावशीच्या मागे बसले, खटक्यावर बोट ठेवून, आणि माझ्या उजव्या अंगठ्याचा टाक्यांचा व्रण आपोआप ठणकत होता. नवरदेवाकडच्या एक आत्याबाई म्हणाल्या, "त्यापरास दुसरी कासारीण बोलवायची हुती की." मावशीने ऐकलं न ऐकलंसं केलं. "धर," ती म्हणाली. खेकड्याने वैशूचा हात धरला. वैशूने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत स्वच्छ भीती होती. त्या दिवशी घरी आल्यावर पडवीत सांडलेलं माझं रक्त तिनेच धुऊन पुसलं होतं.

"माज्याकडं बघ," मावशी म्हणाली. "हात सैल ठेव. आवळ."

घुर्र झालं. एकेक करून बांगड्या चढू लागल्या. मावशी नातीच्या भुवयांवरून नजर हलवत नव्हती. एका हाताचा चुडा पुरा झाला तेव्हा मी श्वास सोडला. दुसऱ्या हातावर अर्ध्यात आलो आणि तो आवाज झाला. कट्.

"वाढली," मावशी म्हणाली.

तिचा शब्द पुरा व्हायच्या आत पाची बोटं उघडली. वैशूचा हात मोकळा झाला. मी तो उलटा-पालटा करून पाहिला, साधा ओरखडासुद्धा नव्हता. आत्याबाईंनी मात्र तोंडाला पदर लावला. मावशीने त्यांच्याकडे निवांत पाहिलं. "काय झालं? वाढली म्हंजे वाढली. पोरीचा संसार वाढंल," ती म्हणाली आणि टोपलीतून दुसरी बांगडी उचलायला वैशूच्या आईला खूण केली. उरलेला चुडा भरून झाल्यावर वैशूने वाकून नमस्कार केला तेव्हा मावशीने तो प्लॅस्टिकचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मी मागे बसून हुंदके देत होते. मला कुणी कारण विचारलं नाही, लग्नघर होतं.

त्यानंतर मावशी अधूनमधून मला बांगड्या भरायला बोलवायची. मी टाळायचे. काचेची बांगडी नुसती पाहिली तरी माझं बोट आखडायचं. "सव्वादोन, तुझा हात मोकळा बरा दिसत न्हाई," ती म्हणायची. मी म्हणायचे, पुढच्या खेपेला. तिने कधी आग्रह केला नाही. भ्यालेल्या माणसाच्या ती मागे लागत नसे.

दिवाळीनंतर एका दुपारी जेवून ती पडवीत टेकून बसली ती उठलीच नाही. उजव्या हातावर खेकडा चढवलेला होता. समोर टोपली उघडी होती. मला उशिरा कळलं, मी परगावी होते. तेराव्याला पोहोचले तेव्हा वैशू सासरहून आलेली होती. तिने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि फळीवरचं फडकं बाजूला केलं.

खेकडा मूठ वळून पडला होता. मुठीत एक हिरवी बांगडी होती. त्या दिवशी पट्टे सोडवून त्यांनी मावशीचा हात बाहेर काढला होता, कुणीतरी स्विच बंद केला होता, पण ती बांगडी काढायला कुणी धजलं नव्हतं. ओढावी तर वाढणार. कासारणीच्या घरात, ती गेली त्याच दिवशी, तिच्या हातातली बांगडी कोण वाढवणार? "आजीचं काहीतरी राहिलंय म्हणत्यात सगळी," वैशू कुजबुजली. "बाबा तर या खोलीत झोपत न्हाईत. ताई, तुमी काढा."

मी तो हात उचलला. खटका दाबला तर बोटं एकदम सुटून काच खाली आपटेल, म्हणून हळूहळूच उघडायला हवं होतं. बॅटरी उरली आहे का ते बघायला मी स्विच चालू केला. डबीवरचा छोटा दिवा लागला. आता स्क्रूड्रायव्हर काढावा म्हणून मी पिशवीत हात घातला, तेवढ्यात पडवीतून कुणीतरी मोठ्याने हाक दिली, "अगं, पंगत बसली! वाढा, पानं वाढा!"

माझ्या हातातल्या हाताने बोटं उघडली.

वैशू किंचाळून मागे सरली. मी तिथेच धान्याच्या कणगीला टेकून खाली बसले. तो शब्द ऐकला की उघडायचं हे मीच त्याला शिकवलं होतं, असं मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत होते. बांगडी अख्खी होती, उघड्या पंजात नुसती ठेवल्यासारखी.

"त्या दिवशी सकाळी आजी म्हणत हुती," वैशू जरा वेळाने म्हणाली, "कापूरहोळला जायाचंय, सव्वादोनला भरायची हाय." तिने बांगडी उचलली, माझ्या समोर बसली आणि माझा उजवा हात मांडीवर घेतला. मी हात मागे ओढला. ती मागे लागली नाही. थांबली. मग मीच हात पुढे केला.

"सैल ठेवा," ती म्हणाली, आणि माझ्या हाताकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

अंगठ्याचं ते मूळ त्या अपघातानंतर कायमचं जाड राहिलं आहे. तिथे अडणार, हे मला ठाऊक होतं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. बांगडी अडली नाही. दुखलं नाही, आवाज झाला नाही. डोळे उघडले तेव्हा ती मनगटावर होती.

वैशूने ती दोन बोटांनी फिरवून पाहिली. लहानपणापासून आजीच्या टोपलीशेजारी बसलेली पोर ती, तिला माप विचारावं लागत नाही.

"ताई," ती म्हणाली, "ही अडीचची हाय."